तिसऱ्या खांबापर्यंत

११ ऑगस्ट १९८६, सोमवार. झेंडावंदन चार दिवसांवर आलं होतं आणि शाळेच्या सतरा खाकी चड्ड्या शिवायच्या राहिल्या होत्या. अकराव्या चड्डीच्या नेफ्याला शिलाई घालत होते, तेवढ्यात डावी पोटरी अशी आवळली की पायडलवरचा पाय उचलून जमिनीवर ठेवावा लागला. ओलं फडकं दोन हातांनी पिळावं तशी ती आतून पिळत होती. दोन-तीन मिनिटं बसून राहिले, दुखणं गेलं. पुन्हा पायडल मारलं, वीतभर शिलाई झाली, पुन्हा तेच. उरलेल्या चड्ड्या मी उजव्या पायाने मशीन चालवून पुऱ्या केल्या. पोरांना वेळेवर मिळाल्या. कोणाला काही सांगितलं नाही.

हे सगळं आता लिहिते, कारण हेच दुखणं घेऊन ‘वात आहे’ म्हणत बसलेल्या बाया मी नंतर पुष्कळ पाहिल्या. मी डॉक्टर नाही. माझ्या पायाचं काय झालं आणि मी कुठे चुकले, एवढंच सांगणार आहे.

तेव्हा मी शेहेचाळीस वर्षांची होते. आम्ही पूर्णेला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. आमचे हे मालगाडीवर गार्ड, दोन-दोन दिवस घराबाहेर. मुलगी लग्न होऊन गेलेली. घरात मी, माझं शिलाई मशीन आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्यांचं वय बहात्तर, आणि रोज सकाळी मारुतीला पायी जाऊन यायच्या.

खरं म्हणजे दुखणं मशीनवर सुरू झालं नव्हतं. उन्हाळ्यापासून बाजारात जाताना मला मधेच थांबावं लागत होतं. रस्त्यात उगीच उभं राहिलेलं बरं दिसत नाही, म्हणून मी दुकानांसमोर थांबायची. भांडीवाल्याला वाटायचं बाईंना हंडा घ्यायचाय. त्यानं मला चारदा भाव सांगितला.

“वात हाय, कमल,” आत्याबाई म्हणाल्या. “माझ्या आईलाबी होता. निरगुडीचा पाला बांध.”

पाला बांधला. करंजाचं तेल चोळलं. तेल चोळताना हाताला लागायचं की डावं पाऊल उजव्यापेक्षा गार आहे. मी त्याचा दोष पाण्यातल्या कामाला दिला. दोन्ही पाय एकाच पाण्यात असतात, हे तेव्हा सुचलं नाही.

*

ऑगस्टच्या शेवटी ह्यांनी रजा काढली आणि मला नांदेडला एका सर्जनकडे नेलं. उंच, सडपातळ माणूस, बोलणं कमी. त्यांनी माझी दोन्ही पावलं शेजारी-शेजारी ठेवली आणि बोटांनी चाचपायला लागले. पावलाच्या वर, घोट्याच्या मागे, गुडघ्याच्या मागे. कापडाच्या घडीत हरवलेली सुई शोधावी तसं हळूहळू. उजव्या पायावर एकदाच बोट ठेवलं आणि सोडलं. डाव्यावर पाच मिनिटं गेली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते. ते खिडकीकडे पाहत होते.

“नाडी लागत नाही,” ते म्हणाले.

“म्हंजी?”

“पायाला रक्त नेणारी नळी मांडीत बंद झाली आहे. बाजूच्या बारक्या वाटांनी थोडं रक्त जातंय, त्यावर पाय चाललाय.” मग त्यांनी कागद ओढला. “विडी ओढता?”

“न्हाई.”

“तंबाखू?”

“न्हाई.”

“चघळत? पानातून?”

“पानसुद्धा सणासुदीलाच.”

हे शेजारी बसले होते. मान ताठ करून म्हणाले, “आमच्या घरात कुणालाच व्यसन न्हाई, साहेब.”

डॉक्टरांनी लिहून घेतलं. रक्त-लघवी तपासली, साखर निघाली नाही. “मग तुम्हाला हे का झालं, ते मला सांगता येत नाही,” ते म्हणाले. इतकं सरळ बोलणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला, आणि माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो त्या वाक्यानं.

नळीवर ऑपरेशन करणारे लोक मुंबईला आहेत, पण त्याची इतक्यात गरज नाही, असं त्यांनी सांगितलं. आधी चालायचं.

“साहेब, चालता येत न्हाई म्हनून तर आले.”

“म्हणूनच. घरी चूल आहे का गॅस?”

“दोन्ही हाय.”

“चुलीला वारा कमी पडला की लाकूड नीट जळत नाही. काय होतं?”

“धुपतं.”

“तुमच्या पोटरीत तेच होतंय. बसलेल्या पायाला थोडं रक्त पुरतं. चालायला लागलात की मांस जास्त मागतं, तेवढं येत नाही, मग ते अर्धवट जळतं आणि धूर कोंडतो. तो धूर म्हणजे तुमचं दुखणं. रोज दुखेपर्यंत चाललात तर मांस कमी वाऱ्यावर जळायला शिकतं. नळी उघडणार नाही. पोटरी शिकेल.”

रीत अशी: चालायचं, दुखणं चांगलं सणकायला लागेपर्यंत. मग उभं राहायचं, पूर्ण थांबेपर्यंत. पुन्हा चालायचं. आधी अर्धा तास, मग तास. रोज. फरक दिसायला तीन महिने. आणि शेवटी एक गोष्ट ते माझ्याकडे न बघता बोलले. “पायाला जखम होऊ देऊ नका. शेकायचं नाही, अनवाणी फिरायचं नाही.”

“झाली तर?”

“अशा पायावर जखम भरत नाही. मग पाय ठेवता येईलच असं नाही.”

परत येताना गाडीत मरणाची भीती मला वाटली नाही. एका पायावर शिलाई मशीन किती वेळ चालेल, पाणी कसं भरायचं, संडासला कसं बसायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. पूर्णा आली तरी संडासचं उत्तर सापडलं नव्हतं.

*

चालायचं कुठे, हा पुढचा प्रश्न. आमच्याकडे बाई कामाशिवाय चालत नाही. हातात घागर असेल, पिशवी असेल, कडेवर लेकरू असेल, तर ती निघाली आहे. रिकाम्या हातानं तोच रस्ता चारदा गेली तर तिला काहीतरी झालं आहे. मी दोन दिवस पिशवी घेऊन फिरले. तिसऱ्या दिवशी गल्लीतल्या बायांनी विचारलं, “वैनी, काय मिळंना झालंय तुमाला?”

मग मला फलाट सुचला. पूर्णेचा फलाट लांबलचक, सपाट, वर दिव्यांचे खांब सारख्या अंतरावर. तिथे येरझाऱ्या घालणाऱ्याला कोणी विचारत नाही, कारण तिथे सगळेच कशाची तरी वाट पाहत असतात. दोन पॅसेंजरच्या मधल्या वेळात, सकाळी सात वाजता मी जायला लागले. पहिल्या आठवड्यात तिकीट तपासनीस जवळ आले.

“वैनी, गाडी तर आत्ताच गेली.”

“दुसरी येईल की.”

पुढच्या आठवड्यात म्हणाले, “गार्डसाहेबांवर पहारा हाय वाटतं.”

“पायावर पहारा हाय,” मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. त्यानंतर ते लांबूनच बोटं वर करून विचारायचे, आज कितवा खांब.

पहिल्या दिवशी तिसरा खांब. तिसऱ्या खांबाला पोटरी पिळायला लागली आणि मी खांबाला टेकून उभी राहिले. मापाच्या वहीच्या मागच्या पानावर रोज आकडा लिहायची. दसऱ्याला पाचवा खांब आला. दिवाळीत सहावा. आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “दुखतंय म्हनून औषीद आनलं, आन् औषीद काय तर दुखवून घे. लय शहाना डाक्टर.”

सहाव्याला मी अडकले. नोव्हेंबर गेला, थंडी पडली आणि पाचवर आले, मग चारवर. मी एक दिवसही चुकवला नव्हता. मला कामाची हिशेबी सवय आहे; माप बरोबर घेतलं, कापड बरोबर कापलं, तर कपडा बसला पाहिजे. इथे सगळं सांगितल्याप्रमाणे केलं आणि कपडा बसत नव्हता. मी पायाला शिव्या दिल्या. ह्यांनाही बोलले. ते बिचारे कॅनव्हासचे बूट घेऊन आले होते.

“साडीवर बूट?” मी म्हणाले. “मला काय सर्कशीत पाठवताय?”

बूट ट्रंकेवर राहिले. मी चामड्याची नवी चप्पल घातली. तिच्या अंगठ्याजवळच्या पट्ट्यानं घासलं, आणि गार पडलेल्या पावलाला ते कळलंच नाही. पाय धुताना पाणी लालसर दिसलं तेव्हा मी वाकून बघितलं. अंगठ्याशेजारच्या बोटाला चिंचोक्याएवढी जखम. हळद भरली. आठ दिवसांत ते बोट निळसर झालं, पंधरा दिवसांत वाळक्या खारकेसारखं काळं. ही चूक माझी, चपलेची नव्हे.

*

जानेवारीत नांदेडला वॉर्डात भरती झाले. बायकांचा लांबट वॉर्ड, दोन्ही बाजूंना खाटा. सकाळी सहाला झाडू, साडेसहाला ताप बघायला सिस्टर, नऊला पट्ट्या, अकराला डॉक्टरांची फेरी. पट्टीची ट्रॉली वाजली की सगळा वॉर्ड गप्प व्हायचा.

शेजारच्या खाटेवर येलदरीकडच्या गयाबाई होत्या. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली कापून महिना झाला होता. माझ्यासारखंच झालं होतं, फक्त त्यांनी वर्षभर अंगारा लावला होता.

“न्हाई त्या पायाला खाज सुटती, बाई,” त्या म्हणायच्या. “खाजवाया जावं तर गादी.” आणि हसायच्या. त्यांचा नवरा त्यांना पाठीवर घेऊन मोरीपर्यंत न्यायचा. जाताना त्या दारातल्या बायांना म्हणायच्या, “बघा, लग्नात न्हाई उचललं, आता उचलायलाय.” बाया हसायच्या. मी त्यांच्या नवऱ्याची मान पाहायची, ओझ्यानं पुढे आलेली. आमच्या ह्यांच्या पाठीत मणका सरकलेला आहे.

त्या अकरा दिवसांत घरच्यासारखं काही होतं तर सकाळची वेळ. उजाडलं की चालता येणाऱ्या सगळ्या बाया व्हरांड्यात नळाजवळ उकिडव्या बसायच्या, पदरातून डबी काढायच्या आणि बोटानं दाताला मिश्री लावायच्या. गयाबाई खाटेवरच. मीही. कोण कुठली, सून कशी, असं सगळं तिथे बोलणं व्हायचं. सिस्टर जाताना म्हणायच्या, “बायांनो, चूळ नळाखाली टाका, भिंतीवर नको.” याहून जास्त कोणी काही बोललं नाही.

बोट काढलं. त्या दिवसाबद्दल मला फार आठवत नाही. आठवतं ते घरी सोडतानाचं. सर्जनसाहेबांनी पट्टी उघडून पावलावर पेननं एक रेघ मारली. “काळं इथपर्यंत आहे. दीड महिन्यानं या. रेघ ओलांडली असेल तर बोटाबोटानं कापत बसण्यात अर्थ नाही. गुडघ्याखाली घ्यावं लागेल.”

हे म्हणाले, “आन् न्हाई ओलांडली तर?”

“तर बघू.”

*

पूर्णेच्या दवाखान्यातल्या एक सिस्टर आमच्या ओळीतच राहायच्या. दुपारी घरी जाता जाता माझी पट्टी बदलायच्या. फेब्रुवारीतला पहिला आठवडा असेल. त्यांनी पट्टी सोडली आणि नाक वर केलं. मला वाटलं जखमेला वास यायला लागला.

“काय जळायलंय?” त्या म्हणाल्या.

“काही न्हाई, आत्याबाई मिश्री भाजायल्यात.”

“कशाची?”

“कशाची म्हंजी? तंबाखूची.”

सिस्टरचा हात थांबला. “कोण लावतं?”

“दोघीबी लावतो. सकाळी, जेवल्यावर, दुपारी चहानंतर.”

“रातच्याला झोपताना,” आतून आत्याबाईंनी भर घातली.

“कमलबाई, तुमच्या कागदावर लिहिलंय, तंबाखू नाही.”

“न्हाईच खात. दात घासते मी.”

मग मला माझ्याच बोलण्याचा अर्थ लागला. लग्न झालं तेव्हा मी सोळा वर्षांची होते. दुसऱ्याच दिवशी आत्याबाईंनी तव्यावर पानं भाजून, चुरून, माझ्या तळहातावर चिमूट ठेवली होती. तीस वर्षं मी ती दिवसातून चार-पाच वेळा हिरड्यांना चोळत होते. तोंड धुणं, वेणी घालणं, तसं ते एक काम. ते व्यसन असतं तर माझ्या सासऱ्यांनी लावू दिलं असतं का? तंबाखू खाणारे ते पुरुष, पारावर बसून थुंकणारे. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोलले नव्हते. ह्यांनीही नाही. आमच्या तोंडात तो शब्दच त्या वस्तूसाठी नव्हता.

“रोज सकाळी फलाटावर चालून पोटरीला शिकवायचं,” सिस्टर म्हणाल्या, “आणि घरी येऊन मिश्रीनं त्याच बारक्या वाटा आवळून घ्यायच्या. मग पाय काय करील?”

मिश्री लावणाऱ्या बाईला मी इथे हात जोडून नाही, सरळ सांगते. डॉक्टरनं तंबाखूचं विचारलं तर मिश्रीचं नाव घ्या. तो विचारणार नाही. त्याच्या घरात कोणी लावत नसेल.

*

त्याच संध्याकाळी मी माझी डबी संडासात रिकामी केली. सोपं वाटलं होतं. दुसऱ्या दिवसापासून डोकं ठणकायला लागलं, तोंडाला सारखं पाणी, पोट साफ होईना. एका परकराचा घेर उलटा शिवला, उसवला, पुन्हा उलटा शिवला. भांडी घासायला येणाऱ्या बाईला विनाकारण रडवलं. आणि घरात दिवसातून चार वेळा तो वास. आत्याबाईंची डबी भिंतीतल्या देवळीत असायची. सहाव्या दिवशी त्या मारुतीला गेल्या असताना मी एका पायावर लंगडत देवळीपर्यंत गेले आणि लावली. पायावर पेनची रेघ, आणि तोंडात मिश्री. तोंड धुतलं तेव्हा डोकं ठणकायचं थांबलं होतं. तेच जास्त वाईट वाटलं.

आत्याबाई आल्यावर मी त्यांना सांगितलं की चोरून लावली. आणि म्हणाले, “आत्याबाई, तुमीबी सोडा.”

“मी? का बरं?”

“घरात असली की माझा हात जातो.”

“पन्नास वरसं झाली लावायले. माझे पाय बघ.” त्यांनी लुगडं वर करून पाय दाखवले. खरंच, काटक्यांसारखे आणि टणक. “ज्याचं त्याच्या नशिबी असतं, कमल. मिश्रीला बोल लावू नगं.”

“भायेर वट्ट्यावर बसून लावता का?”

“चोरावानी? या वयात?” मग त्यांनी निवडायचे तांदूळ पुढे ओढले. “तू म्हनशील तर मीच जाते धाकट्याकडं.”

धाकटा म्हणजे माझा दीर, सोनपेठजवळच्या खेड्यात शेती करतो. आत्याबाई हे तोडायला बोलल्या नव्हत्या. मी ‘असं काय बोलता’ म्हणावं म्हणून बोलल्या होत्या. सासवा बोलतात, सुना नको म्हणतात, चहा होतो, विषय संपतो. मला ते कळत होतं. मी तोंड उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी ह्यांनी त्यांना सकाळच्या पॅसेंजरनं नेलं. जाताना त्यांनी तवा घासून जागेवर ठेवला आणि मला म्हणाल्या, “पाय जप.” रागानं म्हणाल्या की मनापासून, मला अजून ठरवता आलेलं नाही. हे परत आले ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग बोलायला लागले, पण कामापुरतं. त्यांच्या आईला घराबाहेर काढून मी पाय वाचवत होते, आणि तो वाचेल याची खात्री कोणीच देत नव्हतं.

*

दीड महिन्यानं सर्जनसाहेबांनी पट्टी उघडली. काळं रेघेच्या आतच होतं आणि कडेनं गुलाबी चामडी धरत होती. मी त्यांना मिश्रीचं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“मी चुकीचं विचारलं,” ते म्हणाले. “सोडलीत?”

“एकदा चोरून लावली.”

“एकदाच?”

“दोनदा.”

ते हसले नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली. कापायचं नाही, असं ते कुठेही म्हणाले नाहीत. “जखम भरली की पुन्हा चाला,” म्हणाले. पुढच्या वेळी गेले तेव्हा बाहेर बाकावर बसले असताना आतून त्यांचा आवाज ऐकू आला. कोणा बाईला विचारत होते, “दात कशानं घासता?”

जखम भरायला मे उजाडला. जूनमध्ये मी पुन्हा फलाटावर गेले, ह्यांनी आणलेले कॅनव्हासचे बूट घालून. लोक बघायचे. बघू दिलं. तिसऱ्या खांबापासून परत सुरुवात. या वेळी पोटरी शिकत होती. चार, पाच, महिन्याभरात सहा. एका सकाळी विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्चामुळे फलाटावर पोलीस बंदोबस्त होता. शिपायानं विचारलं, “बाई, कुठं जायचंय?” मी म्हणाले, “कुठंच न्हाई,” तर त्यानं घरी पाठवलं. त्या दिवशी क्वार्टरमागे कपड्यांच्या दोऱ्यांखाली चालले. ऑगस्टमध्ये फलाटाचं टोक आलं आणि वळून अर्ध्यापर्यंत परत. दुखणं यायचंच. पण लवकर उतरायचं.

मिश्री सुटली, असं मात्र मी कोणाला सांगत नव्हते. शेजारच्या घरात भाजली की मी दार लावून घ्यायची.

सप्टेंबरमध्ये सर्जनसाहेबांनी मला दवाखान्याच्या बोळात चालवलं. ह्यांच्या हातात माझी पिशवी. बोळ संपला, वळले, आले, पुन्हा गेले. सहाव्या फेरीला थांबले. साहेबांनी पावलावर बोटं ठेवली. तीच खिडकी, तसेच खिडकीकडे लागलेले डोळे.

“नाडी अजून लागत नाही,” ते म्हणाले. “लागणारही नाही. पण पाय तुमचा आहे, तो कापण्याचं आता कारण नाही. चालणं सोडलंत किंवा तंबाखू तोंडात गेली, तर मी आजचं बोलणं परत घेईन.”

गाडीत हे माझ्याशी कितीतरी महिन्यांनी नीट बोलले. मुलीचं, तिच्या लेकराचं, बदलीचं. पूर्णेला उतरून घराकडे चालायला लागलो तेव्हा म्हणाले, “आता आईला आणायला जाऊ का? परवा सुट्टी हाय.”

याची मी दुपारपासून वाट पाहत होते. पाय बरा झाला, मग आता काय अडचण आहे, हे त्यांच्या बाजूनं अगदी बरोबर होतं.

“नका जाऊ,” मी म्हणाले.

“अगं, ती भायेर बसून लावील. मी सांगतो तिला.”

“वास येतो. वास आला की माझं बोट उठतं. अजून उठतं.”

“किती दिवस असं?”

“मला म्हाईत न्हाई.”

ते पुढे चालायला लागले. मी मागून त्यांच्या चालीनं चालले, आणि ते मुद्दाम हळू चालत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फलाटावर गेले आणि चालायच्या ऐवजी पॅसेंजरमध्ये बसले. परभणीला उतरून सोनपेठची एस.टी. धरली. दिराच्या गावच्या फाट्यावर उतरले तेव्हा ऊन वर आलं होतं. फाट्यापासून गाव तीन किलोमीटर. एक बैलगाडी निघाली होती, गाडीवान म्हणाला, “बसा की, मावशी.” मी नको म्हणाले. पहिल्यांदा बांधावरच्या बाभळीपाशी थांबले. मग ओढ्यावर. तिसऱ्यांदा मेंढरांचा कळप रस्ता ओलांडत होता, तेवढं बरं झालं, थांबायला निमित्त मिळालं. शेवटी गावाच्या वेशीवर उभी राहिले, पोटरी शांत होईपर्यंत.

आत्याबाई अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होत्या. मला बघून त्यांनी आधी माझ्या मागे पाहिलं, मुलगा आहे का म्हणून.

“न्यायला आलीस?”

“न्हाई, आत्याबाई. नेऊ शकत न्हाई, हे सांगायला आले. डाक्टर म्हनले, पाय राहिला. पर माझा माझ्यावर भरोसा न्हाई. तुमी घरात आलात तर मी लावीन.”

त्या शेंगा फोडत राहिल्या. “हे सांगायला माझ्या लेकाला धाडायचंस.”

“हे त्यांनी सांगायचं न्हाई. मीच सांगायचं.”

मग त्यांनी माझ्या धुळीनं भरलेल्या बुटांकडे पाहिलं.

“फाट्यावरून पायी आलीस?”

“हो.”

“कितीदा थांबलीस?”

“चारदा.”

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारून बाजेवर जागा केली. “मग बस जरा,” त्या म्हणाल्या. “परत जायाचं हाय तुला.”